डाउन सिंड्रोम असलेल्या मोठ्या माणसांचा व्यायाम : खेड्यात, घरच्या सामानावर

धुऱ्यावरची_बाभूळ (धागाकर्ता)

डाउन असलेल्या लहान लेकरांच्या फिजिओथेरपीवर मराठीत थोडंफार तरी वाचायला मिळतं. अठरा वर्षं ओलांडली की सगळी सामसूम. विशेष शाळा सुटते, तिच्याबरोबर पीटीचा तास सुटतो, शाळेच्या गाडीपर्यंतची रोजची चाल सुटते. मागे उरते ओसरीतली प्लास्टिकची खुर्ची आणि टीव्ही. पंचविशीत पोट सुटतं, तिशीत चार पायऱ्यांना धाप लागते, आणि घरचे-दारचे एकमुखाने सांगतात, हा मुळातलाच आळशी.

त्या आळसाचा हिशेब आधी करू. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते (हे १९५९ मध्ये कळलं). त्यामुळे स्नायू जन्मापासून ढिले, सांधे धरून ठेवणारे अस्थिबंध सैल आणि तळवे बहुधा सपाट. चालताना अंग सावरण्यातच शक्ती जाते, म्हणजे तेवढ्याच अंतराला खर्च जास्त. त्यात श्रम वाढले तरी हृदयाचे ठोके त्या मानाने वाढत नाहीत. तिशीतल्या माणसाचे ठोके जीव तोडून धावल्यावर १९० च्या आसपास जातात. डाउन असलेल्या तिशीतल्या माणसाचे १६० च्या आसपासच अडकतात. म्हणून जास्तीत जास्त ठोके काढायचं '२२० वजा वय' हे सूत्र इथे लावू नका. शंभर पावलांवर मटकन बसणारा नाटक करत नसतो.

सुरू करण्याआधी चार गोष्टी तपासून घ्या : हृदय (कधीच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला नसेल तर एकदा करा), मान, थायरॉइड (टीएसएच ही रक्ताची तपासणी दर एक-दोन वर्षांनी), आणि झोप. रात्री घोरणं, बसून किंवा पुढे वाकून झोपणं, दिवसा डुलक्या, असं असेल तर झोपेत श्वास अडतो आहे असं समजा. अशा माणसाला सकाळी सहाला उठवून चालायला नेलं तर तो चिडणारच. आधी त्यावर उपचार, मग चालणं.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अपंग प्रौढांनाही तीच आहे : आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम. १५० हे पोचायचं ठिकाण आहे, सुरुवात नव्हे. आपल्याकडे जिम नाही, सपाट मैदान नाही, वर्षाचे निम्मे महिने ऊन नाहीतर चिखल. हे सगळं धरून काय करता येईल ते इथे लिहा.

थंड_मडकं

हृदयाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथेच घात होतो.

डाउन असलेल्या जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, बहुधा पडद्यात छिद्र. आज ते लहानपणीच दुरुस्त होतं. पण आता चाळिशीला आलेल्या खेड्यातल्या कित्येकांचं छिद्र तसंच राहिलेलं असू शकतं. वर्षानुवर्षं फुप्फुसात जास्त रक्त गेल्यामुळे तिथल्या नळ्या कडक होतात आणि एक दिवस प्रवाह उलटा फिरतो, अशुद्ध रक्त अंगात जायला लागतं. ओठ आणि नखं निळसर, बोटांची टोकं ढोलाच्या काठीसारखी फुगलेली, श्रमानंतर चक्कर. असं दिसलं तर इथे वाचलेला एकही व्यायाम करवून घेऊ नका, कार्डिओलॉजिस्टकडे जा. अशा माणसाला उन्हात अंगातलं पाणी कमी होणंही धोक्याचं. काळ्यासावळ्या रंगात ओठांचा निळेपणा लवकर कळत नाही. जीभ आणि हिरड्या उजेडात पाहा.

दुसरी गोष्ट खास आपल्या भागाची. विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. डाउन आहे म्हणून सिकलसेल नसेल असं काही नसतं, आणि 'याला आधीच एक आजार आहे' म्हणून दुसऱ्याची तपासणी राहून जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी ही रक्ताची चाचणी करून घ्या. पॉझिटिव्ह आली तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिस करून वाहक की रुग्ण ते नक्की करा. रुग्ण असेल तर दमेपर्यंत व्यायाम, तहानलेलं राहणं आणि थंडीत गार पाण्याची अंघोळ, तिन्ही बंद.

इकोच्या खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलेलं नसेल तर आधी ते काढा.

पऱ्हाटी

धागा चांगला हाये, पण एक सांगा. जो दिवसभर वावरात राबते, गोठा झाडते, ढोराले पाणी दाखवते, त्याले वरून आणखी व्यायाम कायले पायजे बाप्पा?

वावरातला_फिजिओ

पऱ्हाटीभाऊ, प्रश्न रास्त आहे. जो खरंच रोज राबतो त्याचं चालणं पुष्कळ होतं, त्याला वेगळं फिरवायची गरज नाही. पण शेतकामात दोन उणिवा राहतात. एक, काम रोज तेवढंच असतं. ताकद वाढायची तर वजन किंवा आकडा हळूहळू वाढावा लागतो. तोच झाडू दहा वर्षं मारून हात मजबूत होत नाहीत. दुसरी, निंदण-वेचणीत माणूस कमरेत वाकून राहतो. सैल सांध्यांचा माणूस तेव्हा स्नायूंवर तोलत नाही, अस्थिबंधांवर लोंबकळतो. कंबर आणि गुडघे त्यात जातात.

माझ्या मते क्रम असा : आधी ताकद, मग तोल, मग दम. बहुतेक घरं चालण्यापासून सुरू करतात आणि महिनाभरात सोडून देतात, कारण मांड्यांत जोर नसताना चालणं ही शिक्षाच असते.

आठवड्यात दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सुट्टी. हे करा :

उठ-बस. साधारण ४५ सेंटिमीटर उंचीचं पक्कं स्टूल, भिंतीला टेकवून. बाज नको, दोरी खाली जाते आणि उठताना झोका बसतो. पाय खांद्याइतके रुंद, हात छातीवर. ८ वेळा, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा ८. चूक हमखास होते ती बसताना : माणूस धपकन पडतो. खाली येणं हाच अर्धा व्यायाम आहे, म्हणून मोठ्याने 'एक-दोन-तीन' मोजत खाली आणा. दुसरी चूक म्हणजे गुडघे आत मिटणं. गुडघ्यांच्या किंचित वर दुपट्टा सैल बांधा आणि 'दुपट्टा ताणून धर' एवढंच सांगा, गुडघे आपोआप बाहेर राहतात. १२ वेळा सहज जमायला लागलं की हातात एक लिटर पाण्याची भरलेली बाटली द्या, तेच झालं एक किलो. मग दोन बाटल्या.

भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर लांब, तळवे खांद्याच्या उंचीवर, १० वेळा. परत येताना कोपर उलट बाजूला वळेपर्यंत ताठ करू देऊ नका. किंचित वाकलेलं असतानाच थांबवा. मनगट दुखत असेल तर भिंतीऐवजी जड टेबलाची कड धरू द्या.

ट्यूब ओढणं. सायकलची जुनी ट्यूब व्हॉल्व्हजवळ कापली की साधारण दोन मीटरचा पट्टा मिळतो. खिडकीच्या गजाला कमरेच्या उंचीवर अडकवा, दोन्ही टोकं हातात, कोपरं बरगड्यांना घासून मागे. १० वेळा. हा व्यायाम सोडू नका, खांदे पुढे पडलेले असतात ते यानेच मागे येतात.

पायरी. ओट्याची १५ सेंटिमीटरची पायरी पुरे. पूर्ण पाऊल वर ठेवायचं, नुसती बोटं नाही. एका पायाने ८, मग दुसऱ्या पायाने ८, एक हात भिंतीला.

टाचा उचलणं. १० ते १२ वेळा, भिंतीला धरून. पोटऱ्या आणि सपाट तळवा, दोघांनाही कामी येतं.

दोन बादल्या. प्रत्येकीत तीन लिटर पाणी, दोन्ही हातांत सारखं, वीस पावलं जाऊन परत. दर दोन आठवड्यांनी अर्धा-एक लिटर वाढवा. हे पऱ्हाटीभाऊंच्या ढोरांच्या पाण्यातच बसतं, वेगळा वेळ लागत नाही.

वजन बरोबर आहे की नाही हे ओळखायची खूण : शेवटचे दोन जड जायला हवेत. सगळे दहा हसत-बोलत झाले तर कमी आहे; सहाव्यालाच अंग वाकडं होत असेल तर जास्त. पहिल्या दोन आठवड्यांत मात्र मुद्दाम कमी ठेवा, नीट करायची सवय लागू द्या. फरक दिसायला आठ-दहा आठवडे लागतात.

आणि ताणण्याचे व्यायाम? नकोत. पाय सरळ ठेवून कपाळ गुडघ्याला लागलं म्हणून सगळे टाळ्या वाजवतात. ती लवचीकता नव्हे, सैलपणा आहे. तो आणखी वाढवायचा नाही.

पऱ्हाटी

बरं हाये. पटलं.

कडुनिंबाची_सावली

वावरातला_फिजिओ यांना +१. मानेचा विषय मात्र धाग्यात एका शब्दात उरकला आहे.

मानेतला पहिला आणि दुसरा मणका यांच्यामधला अस्थिबंध सैल असेल तर मणका सरकून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. एक्स-रेत सैलपणा साधारण दहा ते वीस टक्के लोकांत दिसतो, त्रास होतो तो एक-दोन टक्क्यांनाच. म्हणून लक्षणं नसताना सरसकट एक्स-रे काढण्यापेक्षा लक्षणांवर नजर ठेवणं जास्त उपयोगाचं. मान एका बाजूला धरून बसणं. शर्टाची बटणं आधी यायची, आता येत नाहीत. चाल बदलणं, पाय ताठ पडणं, उंबऱ्याला अडखळणं. कपड्यात लघवी होऊ लागणं. यातलं एकही नव्याने दिसलं तर 'वय झालं' म्हणू नका. व्यायाम त्याच दिवशी बंद, मानेला धक्का लागू न देता मोठ्या दवाखान्यात, म्हणजे आपल्याकडे नागपूरचं मेडिकल कॉलेज किंवा सेवाग्राम. आणि कुठल्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना मानेचं स्वतःहून सांगा.

आता खेड्यातल्या चार गोष्टी, ज्या कुठल्याच पुस्तकात नसतात :

डोक्यावर ओझं नाही. पाण्याचा गुंड नाही, घमेलं नाही, कडब्याची पेंढी नाही, कापसाचं गाठोडं नाही. बादली हातात चालते, डोक्यावर चालत नाही.

न्हाव्याकडे दाढी झाल्यावर मान कडकन मोडतात, ते याच्या बाबतीत कायमचं बंद. न्हाव्याला स्पष्ट सांगून ठेवा, कारण खुर्चीत बसलेला माणूस नको म्हणेलच असं नाही.

विहिरीत किंवा तळ्यात सूर मारणं नाही. पोहणं उत्तम, पण पायऱ्यांनी उतरून, कोणीतरी हाताच्या अंतरावर असताना.

योगवर्गात शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, मत्स्यासन, चक्रासन वगळा. सूर्यनमस्कार घालायचे तर मान मागे टाकायच्या स्थितीत नजर समोरच. ताडासन, वृक्षासन (भिंतीला हात लावून), खुर्चीवरचे श्वसनाचे प्रकार चालतात. कुस्ती, कबड्डी, कोलांटी नको.

मृगाचा_किडा

चालण्याबद्दल.

पहिले दोन आठवडे सकाळी १० आणि संध्याकाळी १० मिनिटं. नंतर दर आठवड्याला प्रत्येक फेरीत दोन-दोन मिनिटं वाढवा. वेळेऐवजी विजेचे खांब मोजले तर जास्त सोपं जातं. गावात दोन खांबांत साधारण ४०-५० मीटर अंतर असतं. एक खांब झपाझप, पुढचे दोन सावकाश, पुन्हा एक झपाझप. सलग वेगाने चालायला लावलं तर पावलं आपटायला लागतात, पाय फाकतात आणि माणूस पडतो. श्रम बरोबर आहेत का हे ठरवायला 'बोलता येतंय का' ही परीक्षा इथे फसवी आहे, कारण बरेच जण मुळातच कमी बोलतात. श्वास पाहा : तोंड उघडं, खांदे वर-खाली, तरी विचारलं तर मान हलवून उत्तर देतो, म्हणजे ठीक. ओठ सुकलेले, नजर हरवलेली, हाक मारल्यावर वळत नाही, तर सावलीत बसवा.

चप्पल घालून चालवू नका. पाऊल आखूड आणि रुंद असतं, अंगठ्याच्या बाजूला फट असते. दुकानदार रुंदी बसावी म्हणून लांब माप देतो आणि पुढे दोन इंच बूट रिकामा राहतो, मग ठेच लागते. कागदावर उभं करून पाऊल आखा आणि तो कागद दुकानात न्या. पुढे अंगठ्याएवढी जागा, टाचेची मागची भिंत दाबली तरी न वाकणारी, लेसऐवजी चिकटपट्टी. नवे बूट पहिल्या आठवड्यात रोज उतरवून तळवे पाहा. फोड आला तरी सांगणार नाहीत.

ऊन. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला भागात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. मार्चपासून मृग लागेपर्यंत चालणं पहाटे साडेपाच ते सात, नाहीतर नाहीच. संध्याकाळी सातलाही सिमेंटचा रस्ता धग सोडत असतो. तहान लागली हे बरेच जण आपणहून सांगत नाहीत, म्हणून पाणी घड्याळावर : निघण्याआधी एक पेला, मग दर पंधरा मिनिटांनी चार घोट. हृदयाच्या औषधांमुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर डॉक्टरांचा आकडा पाळा.

पावसाळ्यात पांदण सोडा. चिखलात सैल घोटा मुरगळतो, साप असतो, आणि जुलै ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी चालू असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले होते. त्या वाऱ्यात फिरायला जायचं कारण नाही. त्या दिवसांत ओसरीत पायरी आणि उठ-बस पुरे.

चिंचोके_मोजणारी

कसं करायचं ते वरच्यांनी सांगितलं. 'तो ऐकतच नाही' हे कुठे लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते.

तोंडी सूचना कमी, करून दाखवणं जास्त. समोर उभं राहून स्वतः करा. एका वेळी एकच गोष्ट सांगा. 'पाय फाक, हात छातीवर घे आणि हळू बस' ही तीन वाक्यं झाली, त्यातलं शेवटचंच पोचतं. सांगितल्यावर दहापर्यंत मनात मोजा. उत्तर उशिरा येतं, आणि आपण तेवढ्यात दुसरी सूचना देऊन पहिली पुसून टाकतो.

आकडा डोळ्यांना दिसू द्या. डाव्या वाटीत दहा चिंचोके, प्रत्येक उठ-बशीला एक उजव्या वाटीत. वाटी रिकामी झाली की संपलं. 'अजून दोन कर' असं मध्येच म्हणालात तर दुसऱ्या दिवशी वाटी भिरकावली जाईल, आणि चूक तुमचीच असेल. वाढवायचं असेल तर सुरुवातीलाच बारा ठेवा.

रोज तीच वेळ, तीच जागा, तोच क्रम. बहुतेकांना ठरलेपण आवडतं, तेच वापरून घ्या. लग्नसराईत चार दिवस मोडले तर पुन्हा निम्म्यापासून सुरू करा.

नियमित करणाऱ्याने अचानक नाही म्हटलं तर हट्ट समजू नका. दुखणं उशिरा आणि अर्धवट सांगितलं जातं. बूट काढून पाहा, दात पाहा, कानात मळ साचला आहे का ते तपासून घ्या (कानाची नळी अरुंद असते, मळ फार साचतो), मोतीबिंदू पाहा, तो लवकर येतो. थायरॉइड पुन्हा तपासा. घरात कोणी गेलं असेल, बहीण सासरी गेली असेल, तर उदासीही असू शकते.

धुऱ्यावरची_बाभूळ

चिंचोकेताई, वाचनखूण साठवली. चाळिशीपुढच्यांचं काय? तिथे सगळं गाडं अडतं.

कडुनिंबाची_सावली

चाळिशीपर्यंत डाउन असलेल्या जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत अल्झायमरसारखे बदल झालेले असतात. विसरभोळेपणा दिसायला सहसा पन्नाशी येते, काहींना आधीच. व्यायामाच्या वेळी पहिली खूण कळते ती अशी : रोजचा क्रम चुकतो, ओळखीच्या वळणावर थांबतो, पायरी उतरताना पाय चाचपडतो. पण आधी थायरॉइड, मान, ऐकणं, दृष्टी, झोप हे सगळं तपासा, कारण ते दुरुस्त होतं. हाडं लवकर ठिसूळ होतात, स्त्रियांची पाळीही लवकर जाते, त्यामुळे या वयात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पडू न देणं. अंगणात चुन्याची रेघ मारा, तिच्यावर टाचेला बोट लावत दहा पावलं, बाजूला हात धरायला माणूस. ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद. दोन्ही दिवसाउजेडी. खोली-उंचीचा अंदाज कच्चा असतो, तिन्हीसांजेला पायरी आणि सावली सारखीच दिसते. पायऱ्यांच्या कडांना पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा ओढा.

लेझीम_ताल

सगळे औषधासारखं लिहीत आहेत, जरा खेळाचंही येऊ द्या. लेझीम हा यांच्यासाठी भन्नाट प्रकार आहे : ताल ऐकू येतो, समोरचा दिसतो, हातपाय एकत्र चालतात, आणि चुकलं तरी घोळक्यात खपून जातं. हलकी लेझीम द्या, खाली बसून उठायचे प्रकार सुरुवातीला वगळा. हरिपाठाची पावली, दिंडीत टाळ घेऊन चालणं हेही त्यातच आलं. अर्धा तास कसा जातो कळत नाही. दोन चाकी सायकल बहुतेकांना उशिरा येते किंवा येत नाही. तीन चाकी मोठी मिळाली तर उत्तम.

स्पर्धेची आवड असेल तर स्पेशल ऑलिंपिक्स भारतकडे (बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या स्पर्धा घेणारी संस्था) चौकशी करा. चळवळ १९६८ पासूनची आहे, वयाला वरची मर्यादा नाही. बोची हा चेंडू टाकण्याचा खेळ वयस्करांनाही जमतो. नाव नोंदवताना मानेची तपासणी मागतात, ती चुकवू नका.

मृगाचा_किडा

खाण्यावर एकच : व्यायाम झाल्यावर बक्षीस म्हणून बिस्किटाचा पुडा देऊ नका. अर्ध्या तासात जेवढं जाळलं तेवढं त्या पुड्यातून परत येतं, वर सवय लागते ती वेगळीच. बक्षीस म्हणून आवडीचं गाणं, कॅलेंडरवर टिकली, शेजाऱ्याकडे एक फेरी. वजनकाटा नसेल तर करदोडा आहेच. आज बांधला तिथे गाठ, महिन्याने पाहा सैल झाला का घट्ट.

पऱ्हाटी

ट्यूब खिडकीले बांधली तं गाठ सुटून तोंडावर बसन नं?

वावरातला_फिजिओ

बसू शकते, म्हणून गाठ मारायचीच नाही. ट्यूब गजाच्या मागून नुसती ओवून घ्या, दोन्ही टोकं हातात. टोकांना तळहाताएवढे फास करून त्यात जुन्या कापडाची गुंडाळी भरा, म्हणजे घामाने हात सटकत नाही. दर आठवड्याला ट्यूब ताणून उन्हात धरा; बारीक चिरा दिसल्या की टाकून द्या. पंक्चरचं ठिगळ असलेला तुकडा पहिल्यापासूनच घेऊ नका, तुटते ती तिथेच. आणि खिडकीचा गज आधी स्वतः जोर लावून ओढून पाहा, जुन्या घरात चौकट वाळवीने पोखरलेली असते.